बसलेला गळा

झरीच्या तात्यारावांचा गळा दरवर्षी जयंतीनंतर बसायचा आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. चौदा एप्रिलला सुरू झालेली जयंती आमच्याकडे एका दिवसात आटपत नाही. गायन पार्ट्या मोजक्या, गावं भरपूर. म्हणून गावं आपापल्या तारखा पुढे ढकलतात आणि जून उजाडला तरी कुठे ना कुठे मंडप असतोच. तीस वर्षं तात्याराव त्या मंडपांतून भीमगीतं गात आले. हंगाम सरला की आवाज फाटलेला असायचा, आणि त्या फाटलेल्या आवाजाचा गावाला कोण अभिमान. "तात्यानं जीव लावून म्हणलं औंदा," असं त्यांचा ढोलकीवाला चंद्रभान गावभर सांगत फिरायचा. मग ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या आणि महिनाभर गप्प बसणं. पोळ्याच्या आत गळा सुटायचा.

यंदा पोळा होऊन गेला तरी सुटला नाही.

त्याचा आनंद झालेलं माणूस घरात एकच होतं, त्यांची मुलगी निकिता. ती परभणीच्या एका लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट छापायचे आणि जाता-येता जीपमध्ये कानात नॉर्वेचं ब्लॅक मेटल, म्हणजे किंकाळ्यांचं रॉक संगीत, लावून बसायचं, हा तिचा दिवस. कॉलेजच्या होस्टेलवर लागलेलं खूळ ते. त्यातही एक अल्बम तिच्या जिवाचा होता. सात गाणी, कव्हरवर बर्फात उभी काळी झाडं. नवख्याला वाटावं, कुणाला तरी जिवंत सोलायलेत. पण त्या गदारोळाखालून गिटारींची एक चाल वाहत असते, इतकी गोड आणि इतकी उदास की एकदा सापडली की माणसाला सोडत नाही. वर तो गाणारा आपला किंचाळत, खरडत राहतो. चाल गिटारींनी सांभाळायची आणि दुःख त्याने. रडणारं माणूस सुरात कुठे रडतं, असं निकिताचं म्हणणं होतं. गोड गळ्याच्या दुःखावरचा तिचा विश्वासच उडाला होता.

आणि आता तसला आवाज तिच्या घरातच आला होता. वडील ओसरीवर गुणगुणायला लागले की ती रेकॉर्ड करायला मोबाईल पुढे धरायची. तिची आई चांगुणाबाई जूनपासून मागे लागली होती.

"नांदेडला दाखवून आणा ह्यायला. पाण्याचा घोट गिळताना बी तोंड वाकडं करायलेत."

"थांब की आये," निकिता म्हणाली होती. "आता कुठं आवाजाला धार आली. गोळ्या खाऊन पुन्हा गुळगुळीत होईल."

तात्याराव यावर हसले होते. पोरीने कौतुक केलं की बापाला दुखणंही मिरवावंसं वाटतं. निकिताला आपलं बोलणं त्या दिवशी फार शहाणपणाचं वाटलं. पुढे ते तिला जन्मभर पुरणार होतं.

पोळ्यानंतरच्या रविवारी दुपारी तिने त्यांना अख्खा अल्बम ऐकवायचं ठरवलं. स्पीकर ओट्यावर ठेवला. तात्याराव मांडी घालून, डोळे मिटून बसले. पहिल्या गाण्याला त्यांच्या कपाळावर आठी होती. दुसऱ्याला गुडघ्यावरची बोटं हलायला लागली. त्यांना चाल सापडली होती.

"कशाचं रडायलाय ह्यो?"

"शब्द मला बी कळत न्हाईत, आबा. थंडी, जंगल, मरण, असलंच असतंय."

"थंडीचं न्हाई. ह्याचं कुणीतरी गेलंय." मग ते खुशीत येऊन म्हणाले, "दम बघ कुठून उचलायलाय. बेंबीपासून. आपल्या कोरसवाल्यायला हेच सांगून थकलो मी."

निकिताला इतकं बरं वाटलं की विचारू नका. चार वर्षं तिच्या या गाण्यांना सगळ्यांनी नावं ठेवली होती, आणि पहिली दाद मिळाली ती घरच्या गवयाची.

सहाव्या गाण्यात किंचाळी एकदम थांबते. गिटारी मागे सरतात आणि तोच माणूस चार ओळी मोकळ्या, खर्जातल्या आवाजात गातो. तात्यारावांनी डोळे उघडले.

"ह्यो दुसरा माणूस?"

"त्योच हाय."

"परत लाव."

तिने परत लावलं. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"ह्याचा गळा बसल्याला न्हाई, माय," ते म्हणाले. "खरडायचं तवा खरडतो, सोडायचं तवा सोडतो."

आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी त्या माणसासारखा एक साधा, मोकळा सूर लावून पाहिला. नुसती हवा आली. आणखी खाली उतरून पाहिलं. काहीतरी घासल्यासारखं झालं, खोकला आला आणि खांद्यावरच्या उपरण्यावर लाल ठिपके उठले.

"मला सोडता येईना गेलंय," ते म्हणाले.

"कवाधरनं?"

"आखाडाधरनं. तुला आवडायलता, म्हणून बोललो न्हाई."

निकिताने स्पीकर बंद केला. तिला स्वतःची किळस आली.

नांदेडच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. आवाज कधीपासून बसलाय, असं त्यांनी विचारलं.

"जयंतीपासनं," सोबत आलेला चंद्रभान म्हणाला. "पण सायेब, त्यो दरसाल बसतोय."

कॅन्सरची गाठ स्वरयंत्रभर पसरली होती. दोन-तीन महिने आधी आला असता तर कदाचित रेडिएशनचा शेक देऊन आवाज राखता आला असता, हे डॉक्टर निकिताकडे बघून म्हणाले. ती लॅबमध्ये आहे, तिला कळेल, एवढाच त्यांचा हिशोब. आता स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. चांगुणाबाई लेकीला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर निकिताला सोसलं असतं.

ऑपरेशननंतर तात्याराव गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायला लागले आणि पाटीवर लिहून बोलायला लागले. दहाव्या दिवशी त्यांनी बोटांनी सहा दाखवून मोबाईल मागितला. निकिताला त्या गाण्याची भीती वाटत होती, तरी तिने लावलं. त्यांनी ते पुरतं ऐकलं आणि पाटी ओढली.

"ह्याला पत्र लिही."

मग तळव्याने पुसून पुसून त्यांनी मजकूर सांगितला. तुमचं गाणं लय आवडलं. गळा जपा. बसला अन् महिन्यात सुटला नाही तर दाखवून घ्या. बसल्या आवाजाचं कुणी कौतुक करायलं तर त्याचं ऐकू नका.

शेवटची ओळ लिहिताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कॉटशेजारी बसून निकिताने ते सगळं इंग्रजीत लिहिलं. शेवटची ओळ गाळावी असं तिला वाटलं, पण तीही लिहिली. खाली तात्यारावांचं नाव घातलं, त्याखाली आपलं, आणि बँडच्या पानावर पाठवून दिलं.