वळणावरचा वारा

काळ्या स्पंजाची टोपी... बोराएवढी, एका बाजूनं फाटलेली. तिनं ती चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे केली, तर चिरेतून पलीकडची भिंत दिसली. म्हणजे इथून वारा थेट आत शिरला होता. मायक्रोफोनवर चढवायची टोपी ही, हेल्मेटच्या कानापाशी चिकटवून परवा उघड्या गाडीतून ट्रॅकभर फिरवून आणलेली; आणि आता त्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याऐवजी कुणीतरी कापड टराटरा फाडत असल्यासारखं ऐकू येत होतं. पुन्हा गाडी मागायची, पुन्हा परवानगी, पुन्हा त्या गाडीमालकाची मनधरणी... तिनं टोपी कचऱ्यात टाकली आणि चष्मा काढून डोळे चोळले. दिवस नुकताच सुरू झाला होता आणि तिचे खांदे आत्ताच भरून आले होते.

कितीतरी महिने ती नुसता वारा करत होती. शर्यतीच्या व्हिडिओ गेममधल्या गाड्यांना आवाज देणं हेच तिचं काम, आणि इंजिन, टायर, गिअर हे सगळं आता हाताच्या सवयीनं व्हायचं. पण यंदाच्या खेळात डोक्यावर छप्पर नसलेल्या गाड्या होत्या. अशा गाडीत वेग वाढला की वारा बाकी सगळ्याला गिळून टाकतो, इंजिनालासुद्धा... हे तिला ठाऊक होतं, कळत होतं, पण कानात उतरत नव्हतं. पहिल्यांदा केलेला वारा ज्यांनी ऐकला त्यांनी कळवलं, टेबलफॅन लावून बसल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा केला, तर म्हणे कुठेतरी दूध उतू जातंय. तेव्हा स्टुडिओच्या प्रमुखांनी विचारलं होतं, अशा गाड्या खरंच चालवलेला कुणी माणूस ओळखीचा आहे का? आणि तिच्या तोंडून पटकन निघून गेलं होतं, माझा भाऊ.

पटकन? की बरीच वर्षं ते तोंडात तयारच होतं...

दादा आला तो नेहमीसारखा मान किंचित वळवून. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येई; त्या गाड्यांनीच नेला तो कान. आता तो लोकांना गाडी शिकवायचा, दिवसभर दुसऱ्यांच्या ब्रेकवर स्वतःचा पाय ठेवून बसायचा, आणि चेहऱ्यावर तोच कंटाळा मुरला होता. वहिनीनं तिच्यासाठी डबा दिला होता, तो त्यानं टेबलावर ठेवला. आईचे गुडघे, घरमालकाचा रंगाऱ्यावरचा राग, असं काहीबाही बोलून झालं. मग तो लोखंडी सांगाड्यातल्या सीटवर बसला, समोर तीन पडदे, हातात स्टिअरिंग. हेडफोन चढवताना त्याच्या पाठीला एकदम ताठरपणा आला, तो तिनं पाहिला. शिकवणीच्या गाडीत बसणारी पाठ नव्हती ही.

पडद्यावर तोच ट्रॅक होता. हे तिनं ठरवलं नव्हतं. खेळात सर्वांत आधी तयार झालेला ट्रॅक तोच होता एवढंच. त्याच ट्रॅकवर त्याची शेवटची शर्यत झाली होती. ती तेव्हा पिटमध्ये होती, शर्यतीतल्या गाड्या टायर बदलायला, दुरुस्तीला आत येतात तिथे, कॉलेज बुडवून, मेकॅनिकांच्या गर्दीत मिरवत. तिथल्या ऑफिसातला फोन तिच्यासाठी वाजला आणि पलीकडे आई होती... बाबांना दवाखान्यात आणलंय, दोघं असाल तसे या. तिनं धावत येऊन हेड मेकॅनिकच्या हातातून गाडीतल्या दादाशी बोलायचा रेडिओ घेतला होता. दादा, आत ये. बाबांना बरं नाही. आत ये. पुन्हा तेच. पुन्हा तेच. गाडी समोरून जात राहिली, आत आली नाही. शर्यत संपली तेव्हा तो दुसरा आला होता, हेल्मेट काढून हसत होता, आणि तिचा चेहरा बघून म्हणाला होता, अगं, त्या वाऱ्यात काही ऐकू येतं का?

ते पोचले तेव्हा बाबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

त्याला ऐकूच आलं नाही हो, असं आई नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली. बिचाऱ्याला कळलंच नाही. आणि ती दाराशी उभी राहून मान हलवायची. बरं नाही, असं का म्हणाले मी... बाबा जातायत, असं का नाही म्हणाले? आणि तसं म्हटलं असतं तर वारा बाजूला झाला असता का? दादानं त्या वर्षानंतर शर्यती सोडल्या. कारण कुणी विचारलं नाही, सगळ्यांना ते माहीत असल्यासारखंच होतं.

“शिट्टी काढ आधी,” दादा हेडफोन न काढता मोठ्यानं म्हणाला. “वारा शिट्टी वाजवत नाही गं. बडवतो. हेल्मेटला धरून बडवतो.”

तिनं वरची धार कापली, खालचा घुमारा वाढवला. त्यानं मान हलवली. मग तो सांगत गेला आणि ती समोरच्या, आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या वरखाली सरकवत गेली... पुढच्या गाडीच्या आडोशाला शिरलं की वारा उतरतो पण डोकं गदागदा हलतं. बाजूला निघालं की एका कानावर थोबाडीत मारल्यासारखा येतो. मान खाली घातली तर आवाज जाड होतो. किती नेमकं सांगत होता तो. इतक्या वर्षांत इतकं सलग तो तिच्याशी बोललाच नव्हता. दुपार होत आली तोवर तिच्या कानांत प्रथमच खरा वारा होता.

मग उरलं पिटमधल्या माणसाचं बोलणं. हे काम ती पुढे ढकलत आली होती. एका नटाच्या आवाजात वाक्यं तयार होती, हवामान, टायर, आणि ते एक, गाडीला आत बोलावणारं. तिनं काही न सांगता तेच लावलं. दादानं सरळ रस्त्यावर गाडी सोडली होती, वारा पूर्ण चढला होता. पडद्याच्या कोपऱ्यात रेडिओची खूण लुकलुकली... आणि काहीही ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा लावलं. कान देऊन ऐकलं. काही नाही. नुसता वाऱ्याचा मार. त्या नटाचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे विरून गेला होता.

म्हणजे खरं होतं. इतकी वर्षं हा माणूस खरं बोलत होता, आणि मी मात्र त्याच्या घरी जेवताना, त्याच्या मुलीला मांडीवर घेताना, सारखी मनात संशय धरून... तिला एकदम खूप झोप आल्यासारखं झालं. वाटलं, हेडफोन काढावेत, इथेच टेबलावर डोकं टेकावं. संपलं सगळं.

दादानं ब्रेक दाबला होता. गाडी टेकडीखालच्या अरुंद वळणात शिरली, गिअर खाली आले, आणि त्यानं गाडी तिथेच थांबवली.

“इथे चुकलंय.”

तिनं विचारलं, काय?

“वारा. इथे एवढा नसतो. या वळणावर तो पडतो, गाडी जवळजवळ चालत असते. कडेचे लोक बोलतात तेसुद्धा कळतं.” तो पडद्याकडे बघत होता. “इथे सगळं ऐकू येतं.”

हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले. तिला त्याची फक्त मान दिसत होती, मानेवरचे पिकलेले केस, हेडफोनची काळी पट्टी. बाहेरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. तिला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल, गाडीगाडीवर असतं म्हणेल, विसरलो असेन म्हणेल. तिनं त्याला वेळ दिला. स्वतःलाही दिला. वारा आहे तसा ठेवता आला असता... खेळणाऱ्यांपैकी कुणाला कळणार होतं?

“कमी कर,” तो म्हणाला.

तिनं पट्टी जराशी खाली घेतली. त्यानं गाडी मागे घेऊन पुन्हा वळणात आणली.

“अजून कर.”

तिनं अजून केली. रेडिओची खूण लुकलुकली आणि त्या अनोळखी माणसाचा आवाज स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा आला... आत ये. या फेरीला आत ये.

दादानं मान वळवली नाही. “बस,” तो म्हणाला, “एवढाच असतो.”

प्रमुख आले, त्यांनी ऐकलं, खूश झाले, दादाचा हात हातात घेऊन हलवत राहिले. दादा हसला, पाय मोकळे करून येतो म्हणाला आणि जिना उतरून गेला. ती खुर्चीतच बसून राहिली. संध्याकाळी आईचा फोन येईल, दादा आला होता का, जेवलात का नीट, विचारेल, हो म्हणायचं. राग येईल म्हणून ती वाट बघत होती. इतकी वर्षं सांभाळून ठेवलेला, वेळ आली की बाहेर काढायचा राग... आला नाही. तिनं तो शोधलासुद्धा. त्याऐवजी ते वळण येत राहिलं. गाडी हळू झालेली, वारा पडलेला, आणि त्या शांततेत आपलाच कोवळा, घाबरलेला आवाज, बरं नाही म्हणणारा. आणि पुढे? त्यानं पाय दाबला तो जिंकायला, की पुन्हा सरळ रस्ता लवकर यावा, काही ऐकू येत नाही तिथे लवकर पोचावं म्हणून?

त्याचं त्याला तरी माहीत असेल का?

आजवर तिच्या डोळ्यांसमोर गाडी नेहमी पिटच्या कठड्यापलीकडून यायची आणि निघून जायची, आणि ती कठड्याशी उभी असायची, हातात रेडिओ धरून. आता ती गाडीच्या आत होती. गुडघे आखडलेले, समोर वळण सुटत चाललेलं, आणि कानांवर वारा हळूहळू पुन्हा चढत होता. त्या चढणाऱ्या आवाजानं तिला बरं वाटलं. बरं वाटलं याची भीतीही वाटली. खाली जाऊन दादाला गाठावं, असं मनात आलं... पण तिनं हेडफोन काढले नाहीत.