नाक्यापुरतं पेट्रोल

गाव राज्याच्या अगदी टोकाला होतं आणि अप्पांनी त्या टोकाचं सोनं केलं होतं. इकडे घरभाडं कमी, म्हणून बिऱ्हाड इकडे. तिकडे पगार जास्त, म्हणून मुलाला नोकरी तिकडे. राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर, वजनकाट्याच्या नोकरीत हयात गेल्यामुळे दोन्ही राज्यांचे भाव त्यांना तोंडपाठ होते, आणि ते ऐकवायला कुणीतरी लागायचं. मुलगा कामावर गेला की घरात सूनच उरायची.

सगळ्यात कडक नियम पेट्रोलचा. इकडे महाग, म्हणून टाकी भरायची ती नाक्यापलीकडेच. इंधनाचा काटा लाल रेघेवर येईपर्यंत गाडी दामटायची आणि फक्त नाक्यापुरतं राखायचं. सुनेने हा नियम एकदाच मोडला. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा तिने कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी भरली आणि म्हणून आईची भेट झाली. सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांसमोर अप्पा म्हणाले, "भेट जरा महागातच पडली हो!" पाहुणे हसले. नवराही हसला. तिने चहाचे कप उचलले.

पुढे एका दुपारी जेवताना अप्पांना दरदरून घाम फुटला. छातीवर हात, ओठ पांढरे. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटकडे गेलेली. मोठं हॉस्पिटल नाक्याच्या उलट दिशेला, अर्ध्या तासावर. तिने त्यांना कसंबसं मागच्या सीटवर घातलं आणि चावी फिरवली. काटा लालवर. अप्पांच्या शिस्तीत कधी खोट नसायची.

कोपऱ्यावरच्या पंपापाशी तिने गाडी वळवायला घेतली. मागून आवाज आला, "इथे नको. लुटतात. नाक्यावर चल."

"अप्पा, वेळ जाईल हो."

"तुझ्या आईपायी उधळलंस तेवढं पुरे झालं."

तोपर्यंत ती त्यांना वाचवायलाच निघाली होती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने स्टिअरिंग सरळ केलं आणि गाडी नाक्याकडे सोडली.

नाक्यापलीकडच्या पंपावर ही रांग! इकडचं अख्खं गाव तिथे लोटलेलं. अप्पांनीच तर गावाला शहाणं केलं होतं.

"सूनबाई," अप्पा कण्हले, "मागे फिर. कुठेही भर. वाटेल तेवढे पैसे घेऊ दे त्यांना."

"मागे फिरण्याइतकं पेट्रोल नाही, अप्पा."

"मग पुढे घुसव ना! सांग त्यांना, म्हातारा मरतोय म्हणून."

हॉर्न वाजवला असता तर लोकांनी वाट दिली असती. तिला ते कळत होतं. तिने हात मांडीवर ठेवले.

"मला जगायचंय गं," अप्पा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

तिचा नंबर आला तेव्हा मागे सगळं शांत होतं. पंपावरच्या माणसाने विचारलं, "आजोबा झोपले वाटतं?"

"हो," ती म्हणाली. "फुल्ल करा."

गाडी बाजूला घेऊन तिने नवऱ्याला फोन लावला. तो हमसून हमसून रडला. मग नाक ओढत, आवाज सावरत त्याने विचारलं, "आता तिथे आहेसच, तर टाकी भरून घेतलीस ना?"