तुला घ्यायची असती तर

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचं काम चाललं होतं. त्या शनिवारी मुक्ताताईंनी मोनिकाला स्टाफरूमच्या दारात गाठलं आणि कापडबाजारात येतेस का म्हणून विचारलं. नणंदेला द्यायला एक छोटी पर्स घ्यायचीय, मला त्यातलं काही कळत नाही, तुझी नजर चांगली आहे, असं त्या म्हणाल्या.

मोनिकाला बरं वाटलं. भिंगारच्या त्या शाळेत ती नवीन लागली तेव्हा वर्ग कसा सांभाळायचा हेही तिला धड ठाऊक नव्हतं. हाताला धरून शिकवलं ते मुक्ताताईंनीच. दोघींचे डबे एकत्र उघडायचे. सासूशी वाजलं, नवऱ्याशी अबोला झाला, मुलीला ताप आला, तरी मोनिका ते आधी ताईंना सांगायची. सुनील गमतीनं म्हणायचा, आपल्या घरात काय चाललंय ते मला मुक्ताताईंकडून कळतं.

शेअर रिक्षानं दोघी बाजारात उतरल्या. दाऊदभाईंचं दुकान बोळात होतं, अरुंद, पण वरपर्यंत पर्सा टांगलेल्या. त्यांनी काउंटरवर एकेक काढून मांडायला सुरुवात केली. मुक्ताताईंनी पहिल्यांदा मण्यांचा बटवा उचलला. मोनिकानं तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. लग्नात मिरवायला ठीक आहे, ती म्हणाली, पण मणी पदराला अडकतात, आणि लग्न झालं की हा कपाटात पडून राहतो. मग तिनं विचारलं, वन्स करतात काय?

"नोकरी करते," मुक्ताताई म्हणाल्या. "आता तिला बसनं लांब जावं लागणार आहे."

मग मोनिका मनापासून कामाला लागली. हातात धरायचा क्लच तिनं बघताक्षणीच बाजूला सारला, कारण एक हात बसच्या दांडीला लागतो आणि दुसरा हात त्या क्लचलाच जाईल, मग तिकीट काढायचं कुठल्या हातानं? एक कडक, डबीसारखी पर्स दिसायला छान होती, पण तिच्यात मोबाईल ठेवला की चष्म्याला जागा उरत नव्हती. खणाची पर्स बघून तिचा स्वतःचाच जीव अडकला. तरी ती म्हणाली, धुळीच्या रस्त्याला ही महिनाभर टिकायची नाही. राहिल्या खांद्याला अडकवायच्या स्लिंग. त्यातही साखळीच्या पट्ट्याची नको, खांदा कापते. लोहचुंबकाच्या झाकणाची नको, गर्दीत कुणाचाही हात आत जातो. रुंद पट्टा, वरून चेन आणि आत चोरकप्पा अशा दोनच निघाल्या. एक काळी होती, दुसरी वांगी रंगाची.

मुक्ताताई दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तुला घ्यायची असती तर कुठली घेतली असतीस?"

मोनिकानं वांगी पर्स खांद्याला लावली आणि दुकानातल्या आरशात वळून बघितलं. तिला हसू आलं. माझं काय विचारता, ती म्हणाली, मी तर हीच घेतली असती.

"मग हीच द्या," मुक्ताताईंनी दाऊदभाईंना सांगितलं. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही घासाघीस करणाऱ्या बाईंनी सांगितला तो भाव मुकाट्यानं दिला. मोनिकाला नवल वाटलं. नंतर रसवंतीच्या बाकावर त्यांनी रसाचा ग्लास अर्धाच ठेवला. ऊन लागलं असेल, असं मोनिकानं धरलं.

शाळेच्या शेवटच्या दिवशी संस्थेचे सचिव आबासाहेब आले होते. त्यांनी मोनिकाला ऑफिसात बोलावलं, उठून उभे राहिले आणि म्हणाले की मॅडम, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून संस्था चालते. कुणीच जायला तयार नव्हतं, तुम्ही आपणहून पुढं आलात.

मोनिकाला काही उमगेना. आबासाहेबांना वाटलं, ती संकोचतेय. मग ते खुलासेवार बोलत गेले. संस्थेनं राजूरच्या पुढं, भंडारदऱ्याच्या बाजूला निवासी शाळा काढली होती. तिथं जूनपासून इथल्या एका अनुभवी बाईनं राहायला जायचं होतं, निदान तीन वर्षं. पहिल्यांदा त्यांनी मुक्ताबाईंना विचारलं होतं. मुक्ताबाईंनी मोनिकाचं नाव सांगितलं.

"त्या म्हणाल्या, तुम्हालाच तिकडं जायचंय. घरी सासूबाईंचा जरा त्रास आहे, डोंगरात जाऊन राहावंसं वाटतं, असं तुम्ही बोलला होतात म्हणे."

बोलली होती ती. हिवाळ्यात शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली होती, तेव्हा मुलं खेळत होती आणि या दोघी पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. आदल्या रात्री घरात मोठं भांडण झालं होतं. सासू टोचून बोलली होती आणि सुनील मधे पडला नव्हता. वाटतं इथंच कुठं तरी बदली मागून घ्यावी आणि एकटीनं राहावं, असं म्हणून मोनिका रडली होती. मुक्ताताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या होत्या. परत येताना बसमध्ये दोघींनी मुलांबरोबर भेंड्या खेळल्या आणि घरी पोचेपर्यंत मोनिकाचा राग विरूनही गेला होता. आता मुलगी दहावीला जाणार होती. सासूचा उजवा हात संक्रांतीपासून लुळा पडला होता, आणि मोनिकाच तिला भरवत होती. यातली एकही गोष्ट मुक्ताताईंना ठाऊक नाही असं नव्हतं.

ती तोंड उघडणार, एवढ्यात शिपाई मच्छिंद्र दारात आला आणि सगळे जमलेत म्हणून सांगून गेला. आबासाहेब तिला बरोबरच घेऊन हॉलमध्ये गेले. टाळ्या वाजल्या. खुर्चीसमोर हार होता, पेढे होते. मग तिच्या ध्यानात आलं की हे सगळ्यांना माहीत होतं. मुक्ताताईंनी सांगून ठेवलं होतं, तिला निरोपाचं कळू देऊ नका, गंमत करायचीय. दोघांतिघांनी भाषणं केली. शेवटी मुक्ताताई उठल्या आणि स्टाफतर्फे चमकत्या कागदात गुंडाळलेली वस्तू तिच्या हातात दिली.

कागद फाडण्याआधीच बोटांना आतला रुंद पट्टा लागला. कुणीतरी म्हणालं, उघडा की मॅडम. तिनं उघडली. वांगी रंग बघून बायकांनी वा वा केलं. तुम्हाला शोभेल अगदी, ताईंनी स्वतः जाऊन आणलीय, असं एकीनं सांगितलं. मोनिकाला भाषण करायला लावलं, तर तिनं नुसते हात जोडले. तिला भरून आलंय, असा सगळ्यांनी समज करून घेतला.

पेढे वाटले जात असताना ती मुक्ताताईंच्या मागोमाग त्यांच्या वर्गात गेली. ताई टेबलाचा खण आवरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी तुम्हाला विचारलं होतं," मोनिका म्हणाली.

"माझे गुडघे तुला माहीत आहेत. तिथं चढ-उतार आहे. मी नाही म्हटलं असतं तर आबासाहेबांनी मनात धरलं असतं. कुणाचं तरी नाव द्यावंच लागत होतं." त्यांनी खणातल्या वह्या सारख्या केल्या. "आणि तू म्हणाली होतीस, मोनिका. मी मनाचं काही सांगितलं नाही."

"ते मी तुमच्याजवळ बोलले होते."

मुक्ताताईंनी खण लावला. बाहेर मुलांच्या सायकली खडखडत होत्या.

"मग शनिवारी मला कशाला नेलंत?"

"तुझ्या आवडीची मिळावी म्हणून," त्या म्हणाल्या. अगदी साधेपणानं म्हणाल्या, आणि मोनिकाला कळलं की त्यांना खरंच तसं वाटतं. तिला पाठवून द्यायचं ठरवल्यावर तिला पर्स तरी मनाजोगी मिळावी, एवढा विचार त्यांनी केला होता. थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. आरशासमोर ती कशी वळून हसली होती, ते तिला आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

घरी तिनं सुनीलला सगळं सांगितलं. तो चिडला, तुझ्याऐवजी मी जाऊन भांडतो म्हणाला. तिनं नको म्हटलं. सोमवारी ती एकटीच संस्थेच्या कार्यालयात गेली. आबासाहेबांनी ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मुक्ताबाईंनाही बोलावून घेतलं. त्या येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या. बसताना गुडघ्यावर हात टेकवून कण्हल्या, नेहमीसारख्याच.

"मॅडम, स्पष्ट सांगा," आबासाहेब म्हणाले. "तुम्ही तयार होता की नव्हता? नसाल तर या बाईंनाच जावं लागेल, माझ्याकडं तिसरं माणूस नाही."

मोनिकानं एकवार ताईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. मागं एकदा याच बाई तिच्या मुलीला टायफॉईड झाला तेव्हा दवाखान्यात तिच्याबरोबर बसून राहिल्या होत्या. तेही खोटं नव्हतं.

"मी तयार नव्हते," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

जूनमध्ये मुक्ताताई राजूरकडं गेल्या. पर्स मोनिकानं मच्छिंद्रकडून स्टाफरूममध्ये परत पाठवली होती. वर्गणी सगळ्यांची होती, दुसरी वस्तू आणायची कशाला म्हणून तीच ताईंना निरोपात दिली, आणि त्यांनी ती घेतली. मोनिका त्या दिवशी रजेवर होती. हे तिला इतरांच्या बोलण्यातून कळलं, कारण सरळ तिच्याशी आता कुणी फारसं बोलत नव्हतं. या वयात, असे गुडघे असताना ताईंना डोंगरात धाडलं, तेही जिला त्यांनी लेकीसारखं शिकवलं तिनं, अशी कुजबुज स्टाफरूममध्ये चालायची. मोनिका आत गेली की ती थांबायची. खरं काय झालं ते सांगायला तिनं एकदा सुरुवात केली, पण सांगायचं तर घरातलं भांडणही पुन्हा चार लोकांत मांडावं लागलं असतं. तिनं अर्ध्यावरच सोडून दिलं आणि वह्या पुढं ओढल्या.

डबा ती वर्गातच खायला लागली. आतासं काही घडलं तर ते कुणाला सांगावं हे तिला सुचत नसे, आणि सुचलं तरी जीभ उचलत नसे. सुनीलशीही ती मोजकंच बोलायची. बोललेलं पुढं कुठं जाईल, असं मनात येऊन जायचं.

एका रविवारी चर्चमधून आल्यावर ती सासूला भरवत होती. म्हातारीनं घास गिळला आणि विचारलं, "ती तुझी ताई बरेच दिस आली न्हाई गं? बरी हाय ना?"

"बदली झाली त्यांची," मोनिका म्हणाली.

"लई जीव हुता तिचा तुझ्यावर."

मोनिकानं भाकरी आमटीत नीट कुस्करली, पुढचा घास केला आणि म्हातारीनं तोंड उघडायची वाट बघत राहिली.