गुरुदास केळुसकरांचे पालक

येत्या शनिवारी पालकसभा आहे, कोणतीही सबब चालणार नाही, असा कॉलेजचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा गुरुदास केळुसकर आपल्या मुलीच्या बीजगणिताच्या पेपरावर पालक म्हणून सही करत होता. सही करता करता तिला चार गोष्टी सुनावतही होता.

“मार्क कमी पडले, त्याचं काही नाही. पण पेपर दप्तरात दडवून ठेवलास, ते वाईट. मार्क पुन्हा मिळवता येतात. विश्वास मिळवायला जन्म जातो.”

नववीतली रिया खाली मान घालून ऐकत होती. तेवढ्यात मोबाइल वाजला, गुरुदासाने निरोप वाचला आणि पुढचं सुनावणं तिथेच थांबवलं. कारण निरोप रियाच्या शाळेचा नव्हता, त्याच्या स्वतःच्या कॉलेजचा होता. गुरुदास त्रेचाळीस वर्षांचा होता आणि ओरोसला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शिकत होता. पहिल्याच परीक्षेत तो ॲनाटॉमीत नापास झाला होता आणि ही गोष्ट त्याने घरात कोणालाही सांगितली नव्हती.

आता हा माणूस या वयात तिथे कसा पोचला, ते सांगायला हवं. गुरुदास बोटीवर सेकंड ऑफिसर होता. बोटीवर डॉक्टर नसतो, औषधांची पेटी सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असते. एकदा भर समुद्रात त्यांच्या खानसाम्याच्या पोटात असं काही दुखायला लागलं की माणूस पिवळा पडला. किनाऱ्यावरचा डॉक्टर फोनवरून सांगायचा आणि गुरुदास सुया टोचायचा, सलाईन लावायचा. बंदर येईपर्यंत त्याने तो माणूस जगवला. खानसामा बरा होऊन घरी गेला, पण गुरुदास काही बरा झाला नाही. बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं, डॉक्टर व्हायची इच्छा तेव्हाही होती, पण मार्क थोडक्यात हुकले आणि वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून तो बोटीवर गेला होता. आता डॉक्टरकीच्या प्रवेशाला वयाची अटही उठली होती.

सुट्टीवर आल्या आल्या त्याने बायकोला सांगितलं, “सुगंधा, माका डॉक्टर होवचा आसा.”

सुगंधा बांगडे साफ करत होती. वायरीला घराच्या पडवीतच तिची खानावळ होती आणि ती मालवणात येणाऱ्या पर्यटकांत चांगली नावाजली होती. तिने हातातला बांगडा पुरा केला, मग म्हणाली, “बरां. आधी आंघोळ करून घेवा.”

तिचं ‘बरां’ म्हणजे होकार की नकार, हे गुरुदासाला लग्नाला सोळा वर्षं होऊनही कळत नसे. पण दोन वर्षं तो प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत बसला, तेव्हा त्याच्यासमोर चहा वेळेवर येत राहिला. दुसऱ्या खेपेला त्याला जागा मिळाली, तीही जिल्ह्यातच. प्रवेशाच्या दिवशी सुगंधा एवढंच म्हणाली होती, “नापास झालास तर सांगा हां. मी रडूचंय नाय.”

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला, तर सगळी मुलं उठून उभी राहिली. गुरुदासही बोटीवरच्या सवयीने “बसा, बसा” म्हणाला आणि मग शेवटच्या बाकावर जाऊन बसला. तेव्हापासून तो वर्गाचा ‘काका’ झाला. मुलं गोड होती, पण गुरुदासाला लाज वाटे. वर्ग सुटला की तो मोटरसायकल काढायचा आणि थेट घर गाठायचा.

निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ॲनाटॉमीच्या डॉक्टर संचिता मॅडमकडे गेला. मॅडम त्याच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान होत्या.

“मॅडम, माझं पालकसभेचं काय?”

“पालकांना आणायचं.”

“मॅडम, आमच्या घरचा पालक मीच आहे.”

मॅडमना हसू आवरेना, पण त्या म्हणाल्या, “नियम सगळ्यांना सारखा. घरचं कोणीतरी मोठं माणूस आणा.”

सुगंधाला न्यावं, तर भांडं फुटणार. गुरुदासाने बराच विचार केला आणि त्याला आई आठवली. यशोदाबाई सत्तरी ओलांडलेल्या, कानाने जरा मंद. मॅडम शुद्ध पुस्तकी बोलतील, अर्धं इंग्रजी बोलतील, आईच्या कानावर काही पडायचं नाही, पडलं तरी उमगायचं नाही. सुगंधाला त्याने पालकसभेचं सांगितलं, वर म्हणाला, “शनिवारी तुझ्याकडे गिऱ्हाईक असता. तू खंय येतंस? आयेक नेतंय.”

सुगंधा म्हणाली, “बरां.”

यशोदाबाईंना मात्र फार आनंद झाला. “तुज्या शाळेत मी येकदाव येवक नाय,” त्या म्हणाल्या. “बापूस तुजो बोटीर. घरात ढोरां, शेती. आता बोलावल्यानी तर जातंय.” त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं आणि मास्तरांना रिकाम्या हाताने भेटू नये म्हणून पिशवीत मालवणी खाजं आणि केळ्यांचा एक घड घेतला. शनिवारी ओरोसपर्यंत त्या मोटरसायकलवर मागे बसून केळी सांभाळत आल्या.

सभागृह भरलं होतं. बहुतेक आईबाप गुरुदासाच्याच वयाचे. शेजारच्या खुर्चीवरचा एक गृहस्थ त्याच्याकडे टक लावून बघत होता.

“गुरो? रे, तू हंय खंय?”

तो रेडीचा जितेंद्र निघाला. सावंतवाडीच्या कॉलेजात बारावीला दोघं एका बाकावर बसत.

“तुजो झील आसा काय हंय?” जितेंद्रने मुलाचं विचारलं.

“झील नाय. मीच आसंय.”

“म्हणजे तू डॉक्टर आसंस हंय?”

“होवक बघतंय.”

जितेंद्रच्या डोक्यात उजेड पडला. “म्हणजे माजो ओमकार घराकडे सांगता, तो मागच्या बाकावरचो काका तू? बरा झाला. बारावीक रसायनाची उत्तरां माका तू दाखवलंस, आता माज्या झिलाक दाखव.”

ओमकार ॲनाटॉमीत वर्गात दुसरा आला होता. उत्तरं कोणी कोणाची बघायची वेळ आली आहे, ते गुरुदास बोलला नाही.

एकेक विद्यार्थी आपल्या पालकांसह पुढे जात होता. गुरुदासाचं नाव पुकारलं, तशी यशोदाबाईंनी केळ्यांचा घड मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि समोर बसल्या. मॅडम जरा मोठ्याने बोलू लागल्या.

“आजी, तुम्हाला कमी ऐकू येतं का?”

“माका सगळा आयकाक येता. लोकच हळू बोलतत.”

“बरं. तुमचा मुलगा मेहनती आहे. पण पहिल्या परीक्षेत ॲनाटॉमीत नापास झालाय.”

“काय झालो?”

“नापास,” मॅडम आणखी मोठ्याने म्हणाल्या. हा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. गुरुदास खिडकीतून बाहेरचं आंब्याचं झाड बघू लागला.

यशोदाबाई मुळीच गडबडल्या नाहीत. “कशात म्हणालंस, बाय?”

“शरीराच्या रचनेत. हाडं, शिरा, नसा.”

“हाडांत झालो मां? वागणुकीत नाय मां झालो?”

“नाही, नाही, वागणूक उत्तम आहे.”

“मगे ती हाडां घराक हाडूक गावतत काय?” मालवणीत ‘हाडूक’ म्हणजे आणायला. पण मॅडम घाटावरच्या, त्यांना दोन्ही हाडं एकच वाटली आणि त्या गोंधळून गुरुदासाकडे बघू लागल्या. त्याने खालच्या आवाजात अर्थ सांगितला.

“हाडं मिळतात, आजी. अडचण ती नाहीच,” मॅडम म्हणाल्या. “हे कोणाला काही विचारतच नाहीत. मुलं संध्याकाळी घोळका करून बसतात, एकमेकांना म्हणून दाखवतात. हे गाडी काढतात आणि घरी जातात. ॲनाटॉमी एकट्याने वाचून येत नाही. ती बडबड करून येते.”

“लाजता तो,” यशोदाबाई म्हणाल्या. “ल्हानपणापासून. वाण्याकडे मीठ हाडूक धाडलंय तर पुढे माणसां आसत म्हणान तसोच परत येय.”

तुफानात बोट हाकलेल्या गुरुदासाचे कान तापून लाल झाले. इतक्यात दाराशी काही बोलणं चाललेलं त्याला ऐकू आलं.

“फक्त पालकांनाच आत सोडतात, बाई,” शिपाई म्हणत होता.

“मी पालकच आहे.”

“विद्यार्थी कोण?”

“ते काय, पुढे बसलेत. निळो शर्ट.”

“नातं?”

“बायको.”

शिपायाने निळ्या शर्टाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, तिच्या बाजूला उभ्या असलेल्या शाळकरी मुलीकडे पाहिलं आणि निमूट बाजूला झाला. सुगंधा आत आली. मागोमाग रिया. शनिवारी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, खानावळीला कुलूप लावून दोघी एसटीने आल्या होत्या. सुगंधाने मॅडमना नमस्कार केला, त्यांचं सगळं म्हणणं पुन्हा एकदा नीट ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे एकदाही न बघता बाहेर पडली.

बाहेर आंब्याखाली चौघं उभी राहिली.

“तुका म्हायत होता?” गुरुदासाने विचारलं.

“तुमचो निकाल लागलो त्या दिवशी तुमी घराक इलास आणि खानावळीची सगळी भांडी घासलास,” सुगंधा म्हणाली. “लग्न झाल्यापासून कधी कपबशी विसळूक नाय तुमी. मी म्हटलंय, एकतर दुसरी बायल केल्यानी, नायतर नापास झाले. वाट बघलंय, आज सांगतीत, उद्या सांगतीत.”

“आणि पप्पा,” रिया हळूच म्हणाली, “मार्क पुन्हा मिळवता येतात.”

“गप बस,” गुरुदास म्हणाला.

“विश्वास मिळवायला…”

“रिया.”

तिचं समाधान तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. यशोदाबाई केळी सगळीच्या सगळी मॅडमना दिली म्हणून हळहळत होत्या.

गुरुदास शेवटी बोलला. बोलताना नजर जमिनीकडे होती. “घर तुझ्या जिवावर चलता. मी हंय पोरांत बसान शिकतंय. त्यात नापास झालंय, ह्यां कुठल्या तोंडान सांगू तुका?”

“खानावळ तुमी बोट सोडूच्या आधीपासून चलता,” सुगंधा म्हणाली. “तुमी नापास झालास म्हणान माजी सुरमई करपूची नाय. पण तुमी घरात तोंड लपवून भांडी घासतास, ता माका बघवना नाय. एकतर बोला, नायतर भांडी तरी बरी घासा. दोन कढयांची काजळी तशीच होती.”

यावर गुरुदास हसला. निकाल लागल्यापासून पहिल्यांदाच.

एवढ्यात जितेंद्रचा ओमकार आणि वर्गातली नम्रता तिथून जात होती. सुगंधाने त्यांना थांबवलं. “बाळांनो, हॉस्टेलचं जेवण कसं असतं?” दोघांनी एकमेकांकडे बघून तोंड वाकडं केलं. “रविवारी वायरीक येवा. आणखी कोण येतली तेंका पण हाडा. जेवण माजा. जेवून झाला की ह्या तुमच्या काकांका हाडां शिकवा.”

पुढच्या रविवारी सहा मुलं आली. सुरमई आणि सोलकढी पोटात गेल्यावर नम्रता पडवीत मास्तरीण होऊन उभी राहिली. वय अठरा, हातात मनगटाच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा. “काका, पहिल्यापासून सांगा.”

गुरुदासाने घसा खाकरला आणि ओठांतल्या ओठांत सुरुवात केली.

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या यशोदाबाई म्हणाल्या, “आयकाक येना नाय.”

तो जरा मोठ्याने बोलला.

“अजून नाय.”

शेवटी बोटीच्या नाकावरून नांगर टाकायचा हुकूम द्यावा, त्या आवाजात गुरुदासाने मनगटाची आठही हाडं म्हटली. दोन चुकली. मुलांनी ती ओरडून सुधारली, गुरुदासाने पुन्हा ओरडून म्हटली. पलीकडच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब जेवत होतं. त्यातल्या बाईंनी माशाचा काटा ताटात ठेवला आणि विचारलं, “हे काय चाललंय?” सुगंधा म्हणाली, “काही नाही, आमच्याकडे क्लास आहे. भात वाढू?”

दर रविवारी असं होऊ लागलं. हातापासून सुरुवात झाली होती, दिवाळीपर्यंत मंडळी कमरेपर्यंत उतरली. गुरुदासाची लाज कधी गेली, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एका मंगळवारी वर्गात त्याने हात वर करून प्रश्न विचारला, तेव्हा संचिता मॅडम खडू हातात धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मुलंही त्याला विचारू लागली. सुई टोचताना हात थरथरू नये म्हणून काय करायचं, घरची आठवण आली तर काय करायचं, हे त्यालाच जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या परीक्षेत तो ॲनाटॉमीत पास झाला. मार्क मिरवण्यासारखे नव्हते. ओमकारला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पडले आणि जितेंद्रने ते फोन करून मुद्दाम सांगितलं. वर्षाअखेरची परीक्षाही तो पास झाला. त्या दिवशी गुरुदासाने निकाल लागल्या लागल्या कॉलेजच्या आवारातूनच घरी फोन केला. पलीकडून सुगंधाचा नाक ओढल्याचा आवाज आला.

“तू रडूची नाय होतंस,” गुरुदास म्हणाला.

“ता नापास झालास तर,” ती म्हणाली. “पास झाल्यावर रडूचा नाय, असा कोण बोलला?”

संध्याकाळी वाडीतला बाबली पडवीत येऊन बसला आणि त्याने धोतर गुडघ्यावर घेतलं. “गुरो, डॉक्टर झालंस म्हणतत. माजो गुडघो बघ.”

“बाबलीकाका, पयला वर्ष झाला नुसता. अजून बरीच वर्षां आसत.”

“तवसर गुडघो ऱ्हवात?”

“उद्या सरकारी दवाखान्यात दाखव. औषध मी देवचंय नाय,” गुरुदास ठामपणे म्हणाला. पण समोर गुडघा होता आणि तो आत्ताच पाठ झालेला होता. त्याने बोट ठेवून वरचं हाड, खालचं हाड, वाटी, मधली कूर्चा, सगळी नावं एका दमात, खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. बाबली भान हरपून ऐकत राहिला. इतकी वर्षं दुखणाऱ्या जागेत एवढी मंडळी राहत असतील, याची त्याला कल्पना नव्हती.

“आवशीची शपथ, अर्धा दुखणा गेला,” तो म्हणाला आणि हे वाडीभर सांगायला लंगडत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत तिघं आपापले गुडघे घेऊन बसले होते. सुगंधाने त्यांना चहा दिला, नाश्त्याचे पैसे आधीच मागून घेतले आणि सांगितलं की डॉक्टर अजून दुसरीत आहेत, अभ्यासाला बसलेत.