नाल्यावरच्या फळ्या

"फळ्या उचला आता! पानी घरात शिरलं!" काठावरच्या वस्तीतली झुंबरबाई नाल्याच्या काठाने ओरडत आली. लुगडं पावसाने अंगाला चिकटलेलं.

पुंजाराम फळ्यांशी उभा होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "थांब जरा. उघडंल पाऊस."

"उघडंल म्हने! आभाळ फाटलंय, दिसत नाय का?"

नाशिकचा हा नाला जिथे गोदावरीला मिळतो तिथे सिमेंटच्या दोन खांबांत सागाच्या जाड फळ्या एकीवर एक बसवलेल्या होत्या. कोरड्या दिवसांत शहराची घाण या फळ्यांना अडायची आणि बाजूच्या पाइपातून पंपघराकडे जायची. मोठा पाऊस लागला की फळ्या उचलायच्या, म्हणजे नाला मोकळा होऊन नदीत पडतो. नाही उचलल्या, तर पाणी मागे फिरून काठावरच्या वस्तीत शिरतं. पुंजारामचं काम एवढंच. नगरपालिकेची महापालिका झाली, पाटीला नवा रंग लागला, पण फळ्या त्याच आणि पुंजारामही तोच. वस्तीतले लोक उन्हाळ्यात त्याला रामराम करत आणि पावसाळ्यात शिव्या देत. त्याला दोन्हींचं काही वाटत नसे.

गेल्या भादव्यापर्यंत. तेव्हाही असाच पाऊस झाला होता. त्याने फळ्या उचलल्या आणि साचलेली सगळी घाण नदीत गेली. पाठोपाठ नदीच्या खालच्या अंगाच्या सायखेड्याहून निरोप आला, वत्सलाचं पोर हगवणीने गेलं. वत्सला त्याची एकुलती एक लेक. तिच्या सासरी प्यायला नदीचंच पाणी. गावात कुणी म्हणालं बाळाला नजर लागली, कुणी म्हणालं दात येत होते. पुंजाराम मयताला गेला, खाली मान घालून बसला आणि परत आला. आपल्या मनात काय आहे ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. आता वत्सलाच्या मांडीवर दुसरं पोर होतं, अजून मानही न धरणारं.

यंदा फळ्या उचलायची वेळ आली की त्याचा हात जड व्हायचा. घटकाभर थांबू, पाऊस ओसरेल, असं म्हणून तो थांबायचा. आजपर्यंत वस्तीत पाणी घोट्याच्या वर गेलं नव्हतं, म्हणून निभावलं होतं.

"आवं, रेहानाला कळा लागल्यात!" झुंबरबाईने त्याचा दंड धरला. "दवाखान्यात न्यायला रस्ता ऱ्हायला नाय. खाट विटांवर चढवलीय, तरी खालून पानी फिरतंय. सुलाबाई सुईन पन घाबरलीय."

रेहाना म्हणजे शेजारच्या लियाकत पिंजाऱ्याची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. वत्सलाबरोबर पुंजारामच्याच अंगणात ती लगोऱ्या खेळली होती. पुंजारामने डोळे मिटून घेतले. इकडे रेहानाचं पोर, तिकडे वत्सलाचं. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

त्याने लोखंडी आकडी वरच्या फळीच्या कडीत घातली आणि ओढली. फळी हलेना. पाणी चढायच्या आत वरची फळी काढायची असते. उशीर झाला की पाण्याचा जोर बसतो, लाकूड फुगतं आणि खाचेत घट्ट होतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि शिकवणारा पुंजारामच होता.

लियाकत गुडघाभर पाण्यातून पहार घेऊन आला. त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं. "पुंजारामभाऊ, काय करून बसलास रे? पोरगी मरंल ना माझी!"

"फुगल्यात फळ्या. पहार घाल खालून."

"मंग आदी का नाय काढल्या?"

दोघांनी मिळून जोर लावला. वरची फळी करकरली, मधोमध चिरली आणि निघाली, मग तिच्या खालची. काळं पाणी चिंध्या, शेण, संडासांची घाण आणि मेलेली कुत्री घेऊन धडधडत नदीत पडलं.

वस्तीतलं पाणी उतरलं. थोड्या वेळाने झुंबरबाई हसत-रडत परत आली. "पोरगी झाली! दोघी बी बऱ्या हायेत."

लियाकतने पुंजारामला मिठी मारली. पुंजारामचं लक्ष मात्र नदीच्या काठाने चाललेल्या काळ्या पट्ट्याकडे होतं. तो पट्टा सायखेड्याच्या दिशेने निघाला होता.

घरचा तेलाचा डबा घासून त्याने नळाच्या पाण्याने भरला आणि एसटी गाठली. नदी वळणं घेत जाते, एसटी सरळ जाते, एवढाच त्याला आधार होता.

"नाशिकचं पानी सायखेड्याला?" कंडक्टर हसला. "तिकडं नदी आटली का काय बाबा?"

सायखेड्याच्या घाटावर बायका पाणी भरत होत्या. वत्सलाचा हंडा नुकताच भरला होता. "आबा! असे अचानक?"

"ते पानी वत. घरी नेऊ नको. कोनीच नेऊ नका."

"पावसाळ्यात गढूळच असतंय की," एक म्हातारी म्हणाली. "तुरटी फिरवली की झालं."

"तुरटीनं नाय जायचं, आजी. शहराची घान येतीय. सकाळी सोडलीय."

"कोनी सोडली?"

नाव सांगायलाच पाहिजे असं काही नव्हतं. पण नाव सांगितल्याशिवाय या बायका हंडे रिकामे करणार नाहीत, हे त्याला दिसत होतं.

"मी. फळ्या माझ्या हातात असत्यात."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वत्सला बापाकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "आन् गेल्या भादव्यात, आबा?"

पुंजारामने होकाराची मान हलवली.

वत्सलाने हंडा कलता केला. पाणी पायऱ्यांवरून, बापाच्या पायांवरून नदीत गेलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तिने हंडा तसाच धरला. मग त्याने आणलेला डबा उचलून डोक्यावर घेतला, रिकामा हंडा काखेत धरला आणि पायऱ्या चढून गेली. तिने मागे पाहिलं नाही. घरी चला असंही म्हणाली नाही.

पुंजाराम खालच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने दुसरी एक बाई कळशी घेऊन उतरली. तो उठला आणि त्याने हात जोडले.

"आज नको, बाई."