मनातलं मोठ्याने

आपली मुलगी युनिव्हर्सिटीत नेमकं काय शिकते, हे आर्वो कांगासने गावात कुणाला धड सांगितलं नव्हतं, कारण त्यालाच ते धड कळलं नव्हतं. लिहायचं, चित्रं काढायची, आवाज भरायचा, फिल्म करायची. आणि हे सगळं कशासाठी, तर अनोळखी माणसाला एखादं यंत्र नीट चालवता यावं म्हणून! "दुसऱ्याच्या डोक्यात शिरायचं शिक्षण आहे ते," असं तो सॉनाच्या गरम वाफेत बसल्या बसल्या शेजाऱ्याला म्हणाला होता. खरं सांगायचं तर मुलीला, म्हणजे सेल्माला, हे शिकवणाऱ्या लॅथ्रप बाईंनाही याहून बरी व्याख्या जमली नसती.

मग आर्वोच्या किडन्यांनी हात टेकले. पोटात एक नळी बसवली गेली. तिला पिशवी जोडायची, पोटातलं जुनं पाणी आधी बाहेर काढायचं, मग औषधाचं नवं पाणी आत सोडायचं, आणि हे रोज, दिवसातून अनेकदा, स्वतःच्या हाताने. इस्पितळाने दिलेलं माहितीपुस्तक इतकं जाडजूड आणि रुक्ष होतं, की निरोगी माणूसही ते वाचून आजारी पडावा. नाताळच्या सुटीत सेल्माने ते चाळलं आणि शेवटच्या सत्राचा प्रकल्प तिथेच ठरवून टाकला. 'पा'साठी, म्हणजे बापासाठी, फिल्म करायची.

हौस म्हणून नव्हे. सुटी संपायच्या आत डोरीन नावाची नर्स येऊन बघणार होती. आर्वोला एकट्याला जमलं तर ठीक, नाहीतर घरात कुणीतरी राहायला हवं. आणि हे कुणीतरी म्हणजे कोण? आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, भावंड नव्हतं. जमलं नाही तर शिक्षण सोडून इथेच राहायचं, असं सेल्माने मनाशी पक्कं केलं होतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

पहिली फिल्म साफ फसली. कॅमेरा तिने समोर ठेवला होता, त्यामुळे नळ्यांतलं पाणी अडवणाऱ्या दोन चिमट्यांपैकी पडद्यावर डावीकडे दिसणारा प्रत्यक्षात उजवीकडे. फिल्म बघत आर्वोने भलत्याच चिमट्याला हात घातला, सेल्माने झेप घेऊन तो धरला आणि योग्य जागी नेऊन ठेवला. या चाचणीचं चित्रण बाईंना पाठवलं, तर त्यांनी फोनवर तिची चांगलीच हजेरी घेतली. माणसाला स्वतःचे हात कुठून दिसतात? तिथूनच कॅमेरा लाव, खांद्यावरून. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता.

"चाचणीत बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं, आणि वापरणाऱ्याने मिटायचं नसतं," बाई म्हणाल्या. "त्याच्या मनात येईल ते तो मोठ्याने बोलणार, तू ऐकणार. तू गेल्यावर तो एकटाच असणार ना? मग आत्तापासूनच नाहीशी हो."

आता आर्वोला बोलतं करायचं, म्हणजे दगडाला पाझर फोडण्यातला प्रकार. या गृहस्थाने लग्नाची मागणीसुद्धा "सॉना तापवलाय, येतेस का?" एवढ्यावर भागवली होती. मनातलं सगळं ओकायचं की काय, असं त्याने कुरकुरत विचारलं. सगळं, पा, न गाळता, असं सेल्माने बजावलं.

डोरीन आली त्या सकाळी ती कॉफीचा कप घेऊन खिडकीशी बसली. सेल्मा मागच्या स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. नवी फिल्म सुरू झाली. आर्वो रेडिओवरच्या हवामानासारखा एका सुरात बोलत होता. हात धुतोय. पाणी गार आहे. मास्क लावला, नाकाला टोचतोय. टोपण काढलं, टोकाला बोट लावलं नाही. नळी जोडली. सगळं बिनचूक चाललं होतं. सेल्माचा जीव भांड्यात पडला.

आणि चिमट्यांपाशी त्याचा हात थांबला.

फिल्ममध्येच काहीतरी चुकलंय, असं सेल्माला वाटलं. 'पा, डावीकडचा', हे शब्द अगदी ओठांवर आले होते. डोरीनने कप खाली ठेवला.

"डावीकडचा उघडायचा," आर्वो म्हणाला. "दिसतंय मला. फिल्म चांगली आहे." त्याने हात चिमट्यावरून उचलला. "मनातलं सांगायचंय ना? तर मनात असं आहे, की दुसरा उघडला तर पोरगी राहील. काल अंथरुणात पडल्या पडल्या तेच ठरवलं होतं. म्हाताऱ्याचं चुकलं, तर कोण काय म्हणणार? पिशवीची भीती नाही मला. ती गेल्यावर घर गप्प होतं, त्याची वाटते."

सेल्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. राहते मी, पा, एवढंच तर म्हणायचं होतं. बापाने जन्मात पहिल्यांदा मन उघडं केलं होतं आणि तिने मुकं बसायचं होतं. असला कसला नियम! तिने ओठ दातांखाली घट्ट धरले.

आर्वोने डावीकडचा चिमटा उघडला. जुनं पाणी निघालं, नवं आत गेलं. त्याने नळी काढली, नवं टोपण बसवलं, मास्क उतरवला, फिल्ममध्ये नव्हतं तरी टेबल पुसलं. डोरीनने मान डोलावली. मग तो सावकाश मागे वळला.

"झालं," तो म्हणाला. "आता बोललीस तरी चालेल, पोरी. फक्त राहते म्हणू नकोस."