उंड्यात मूठभर गहू

माझ्या नवऱ्याचं डोकं फुटलं तेव्हा माझ्या हातात अंबिलीचं मडकं होतं. येळवशीचा दिवस होता. शेतात कडब्याची कोप घातलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडलेले. बाहेर बांधावर दोघे भाऊ एकमेकांना आईवरून शिव्या देत होते. आई तर दोघांची एकच होती. बांध कुणी किती कोरला यावरून ते चाललेलं. बोलता बोलता माझ्या धाकट्या दिरानं, आप्पानं, कुऱ्हाडीचा दांडा मोहनरावांच्या कानावर घातला. ते आधी खाली बसले, मग आडवे झाले. मी मडक्यासकट धावले. वाकले तशी अंबील त्यांच्या छातीवर सांडली आणि पांढऱ्या अंबिलीतून लाल रेघ उतरताना मी पाहिली. शिवशंकर, माझा मुलगा, कोपीच्या दारात उभा होता. तेव्हा तो दुसरीत होता.

मोहनराव जगले, पण त्या कानानं ऐकू येईना आणि बोलताना शब्द अडकू लागले. आम्ही केज तालुक्यातलं गाव सोडलं, शेत बटईनं दिलं आणि अंबाजोगाईत राहायला आलो. ते वारले तेव्हा आप्पा खांदा द्यायला आला होता. शिवशंकरनं त्याला दारातूनच परत पाठवलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. गावाला कुलूप, सगळी माणसं रानात. कडधान्यं आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबट अंबील, गव्हाची खीर. ज्याच्या बांधावर जो येईल त्याला जेवू घालायचं, वैरी असला तरी. माझ्या लहानपणी मी एकाच दिवशी पाच कोपींमध्ये जेवले होते आणि संध्याकाळी वडिलांनी मला बैलगाडीत झोपवून घरी आणलं होतं. ते रान, तो हरभऱ्याचा वास, हुरड्यानं काळी झालेली बोटं, हे सगळं त्या दांड्यानं माझ्याकडून काढून घेतलं. मरायच्या आधी दोन्ही घरं पुन्हा एका कोपीत जेवलेली बघावीत, एवढीच माझी इच्छा उरली होती.

माझी नात सायली नऊ वर्षांची आहे. तिला गहू चालत नाही. डॉक्टरांनी सिलिअॅक असं नाव सांगितलं. गव्हाचा कण पोटात गेला की आतडी सुजतात, पोर कळवळते, आठवडाभर खाल्लेलं अंगी लागत नाही. तेव्हापासून आमच्या घरातून गहू गेला आणि माझ्या लहानपणाचं सगळं परत आलं. ज्वारीची भाकरी, कण्या, भगर, राजगिऱ्याची लापशी, बाजरीचा खिचडा. रईसच्या गिरणीत मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाते. तो आधी थोडे तांदूळ दळून जात्यातला गहू झाडून काढतो, ते पीठ गाईला ठेवतो, मग आमची बाजरी घालतो. म्हणतो, “दादी, तुमच्या बाजरीला राणीचा मान हाय.”

फिरायला आम्ही पुष्कळ जातो. शिवशंकरला त्याची हौस आहे. सौताड्याचा धबधबा, धारूरचा किल्ला, कपिलधार. गाडीच्या मागच्या सीटवर मी, सायली आणि आमचा डबा. एकदाच डबा विसरला आणि एका ढाब्यावर ज्वारीची भाकरी घेतली. भाकरी ज्वारीचीच होती, पण थापताना खाली गव्हाचं पीठ भुरभुरलेलं होतं. पोर रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी शिवशंकर मला न सांगता गाडी घेऊन तिथं परत गेला आणि भाकरी थापणाऱ्या माणसाचं तोंड त्यानं त्याच्याच परातीवर आपटलं. घरी आला तेव्हा शर्टाच्या बाहीवर रक्त होतं आणि तो शांत दिसत होता. त्या शांतपणाची मला भीती वाटली.

मागच्या येळवशीच्या आधी आप्पाचा फोन आला. “वहिनी, औंदा एकाच कोपीत पांडव मांडू. मला आता किती येळवशी राहिल्यात?”

शिवशंकर म्हणाला, “त्या माणसाच्या कोपीत मी वाकून शिरणार नाही.”

“माझ्यासाठी शीर,” मी म्हणाले.

सुनेला सुटी मिळाली नाही. आम्ही तिघं निघालो. मी पहाटे उठून सायलीपुरते उंडे केले, ज्वारीच्या कण्यांची गुळाची खीर केली, डबा वेगळ्या पिशवीत बांधला.

बांधावर आप्पा उभा होता. पार वाळून गेलेला, धोतराच्या आत पाय काठीसारखे. शिवशंकरनं नमस्कार केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. मला तेवढंच पुरेसं होतं. माझी जाऊ छबुबाई पाया पडली आणि सायलीचा दंड चिमटीत धरून म्हणाली, “अक्का, पोरगी किती वाळलीय. खायाला घालता का न्हाई हिला?”

“काकू, तिला गव्हाचं काही देऊ नका,” शिवशंकर म्हणाला. “खीर नाही, पोळी नाही.”

“न्हाई देत बाबा. गहू बाधतो हे पैल्यांदाच ऐकलं. आमाला तर सणाशिवाय नजरेला पडत नव्हता.”

पूजा झाली. पाच दगडांना दोन्ही घरांचा नैवेद्य दाखवला. आप्पा अंबील शिंपडत कोपीभोवती फिरला, मागून शिवशंकर फिरला. मी पदरानं डोळे पुसले. पंगत बसली. मी सायलीचा डबा उघडला आणि आप्पाचा मुलगा अर्जुन हसला.

“शिवा, डबा घेऊन आलास व्हय? आमच्या कोपीत काय इख शिजतंय का बे?”

“अर्जुन, गप जेव,” आप्पा म्हणाला.

“मी कुठं काय म्हणलो? पाव्हणे शिदोरी घेऊन येतात हे नवीनच हाय, म्हणून इचारलं.”

छबुबाईचा चेहरा उतरला. तिनं पहाटेपासून चुलीपुढं बसून केलेलं अन्न, आणि पोर डब्यातलं खाणार. सायलीलाच ते दिसलं असावं. तिनं छबुबाईच्या टोपलीतल्या गोल गुळगुळीत उंड्यांकडे बोट दाखवलं. “हे बाजरीचे आहेत ना? मग मला चालतात.”

शिवशंकरनं विचारलं, “काकू, बाजरीचेच ना?”

“बाजरीचेच की! उंडे काय सोन्याचे असत्यात?”

सायलीनं भज्जीबरोबर एक खाल्ला, मग दुसरा. छबुबाई तिच्याकडे बघतच राहिली. “आजी,” सायली म्हणाली, “तुझे चिरतात. यांचे बघ, एकही चिरलेला नाही.”

“चिरतील कशे?” छबुबाई फुलून आली. “मूठभर गव्हाचं पीठ घातलंय न्हवं! इतक्या वर्सांनी घरची माणसं आली, त्यांना कोरडी बाजरी कशी घालायची?”

तिच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. आमच्या पिढीला बाजरी म्हणजे रोजचं, गहू म्हणजे मान. खीर नको, पोळी नको असं तिला सांगितलं होतं, आणि तिनं खीर दिली नव्हती, पोळी दिली नव्हती. उंड्यात गहू पडला म्हणून उंडा गव्हाचा होतो असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

शिवशंकरनं सायलीची मान धरली आणि तिच्या घशात दोन बोटं घातली. पोर गुदमरली, त्याच्या मनगटाला ओरबाडू लागली. त्यानं सोडलं नाही. ती कोपीच्या तोंडाशीच ओकली. नैवेद्याच्या पानावर, पांढऱ्या दगडांवर.

“आमच्या देवावर ओकायला लावतो का?” अर्जुन उठला.

“पोरीला मारायला निघालात तुम्ही,” शिवशंकर म्हणाला. “बापानं डोकं फोडलं, आता आईनं इख घातलं. कुणाचं काही राहिलंय का?”

अर्जुननं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. शिवशंकर दात थुंकला आणि त्यानं कोपीच्या मधली लाकडी मेढ उपटली. वरचा कडबा, आतले पांडव, अंबिलीचं मडकं, सगळं एका झटक्यात खाली आलं. सायली कडब्याखाली ओरडत होती. मी तिला पायाला धरून बाहेर ओढलं. वळून पाहिलं तर अर्जुनच्या हातात उसाचा कोयता होता. पहिला वार शिवशंकरच्या दंडाला चाटून गेला. मांस उघडं पडलं, पण त्याला बहुतेक कळलंच नाही. अर्जुननं पुन्हा हात उचलला तशी मी त्याच्या मनगटाला दातांनी धरलं. माझे सगळे दात अजून माझेच आहेत. तोंडात रक्त आलं तरी मी जबडा सोडला नाही. तो मला गुडघ्यानं पोटात मारत राहिला, “सोड म्हातारे, सोड,” म्हणत.

तेवढ्यात आप्पा मधे आला. दोन्ही हात पसरून, डोक्यावर टोपी नाही, काही नाही. “मला मार,” तो शिवशंकरला म्हणाला. “मला मार आणि मिटव.”

पहिला फटका त्याच्या खांद्यावर पडला. तो चुकून पडला असं मी आजही मानायला तयार आहे. पण त्यानंतर शिवशंकर थांबला, त्यानं समोर कोण आहे ते नीट पाहिलं, मेढ दोन्ही हातांत सावरली आणि मग दुसरा फटका मारला. बरोबर कानावर. लाकूड हाडावर बसतं तेव्हा होतो तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता. सायली तिकडे मातीत एकटी बसून कण्हत होती आणि तिचा बाप तिच्याकडे बघतही नव्हता. त्याच्या तोंडावर मला तोच ढाब्याच्या दिवशीचा शांतपणा दिसला.

छबुबाई नवऱ्यावर पालथी पडली. म्हणाली, “आता मला हाणा. न्हाईतर मी तुमाला खाईन.”

मी अर्जुनचं मनगट सोडलं आणि ओरडले, “गाडी काढा!”

आमच्या गाडीशिवाय रानात दुसरं वाहन नव्हतं. मागे छबुबाईच्या मांडीवर आप्पाचं डोकं, त्याच्या पायांशी मी, माझ्या मांडीवर सायली. पुढे शिवशंकर गाडी चालवत होता, दंडाला माझा पदर फाडून बांधलेला. त्याच्या शेजारी अर्जुन बसला, कोयता गुडघ्यांवर आडवा धरून. “कुठं थांबलास तर बघ,” तेवढंच तो म्हणाला. आप्पाच्या कानातून रक्त झिरपत होतं. वाटेत सायलीच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तिनं माझ्या दंडात नखं रुतवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सायलीचा ओरबाडलेला घसा पाहिला. घशात बोटं घालून काही उपयोग नसतो, म्हणाले, उलट इजा झालीय. शिवशंकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाहेर लादीवर मी छबुबाईशेजारी जाऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या थोबाडीत मारली. तिथं बसलेल्या सगळ्यांसमोर, पूर्ण ताकदीनं. मी तशीच बसून राहिले. तिनं दुसरी मारली. मग हात खाली पडला आणि ती म्हणाली, “अक्का, मूठभरच हुतं. चांगलं व्हावं म्हणून घातलं हुतं.”

“मला ठाऊक आहे.”

“गहू न घालता उंडा कसा धरतो मग?”

“पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं. चटका बसला तरी हात काढायचा नाही.”

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा आप्पा शुद्धीवर होता. अर्जुन पुढं होऊन म्हणाला, “लिहून घ्या, शिवशंकर मोहनराव—”

“कोपीची मेढ पडली,” आप्पा खाटेवरून म्हणाला.

“आण्णा!” अर्जुन बापावर ओरडला.

“मेढ पडली, सायेब. पोराचं ऐकू नका.” मग अर्जुनकडे न बघता, “त्याचं नाव घेतलंस तर माझ्या सरणाला हात लावायचा न्हाई.”

पोलीस गेल्यावर आप्पानं शिवशंकरला बोलावलं. त्याचा आवाज जाड झाला होता, शब्द अडकत होते. मोहनरावांचे अडकायचे तसेच. “फिटलं तुझं. आता माझ्या जित्तेपणी त्या रानात पाय ठेवू नको. ठेवलास तर अर्जुनला मी आडवणार न्हाई. वहिनी आणि पोरगी कदीबी येऊ देत.”

शिवशंकरनं मान हलवली. दंडावरच्या टाक्यांतून त्याचं रक्त पुन्हा यायला लागलं होतं.

या वर्षी येळवशीला मी आणि सायली गेलो. शिवशंकरनं आम्हाला डांबरी सडकेपर्यंत सोडलं आणि गाडीतच बसून राहिला. काच वर केलेली, इंजिन चालू. अर्जुन बांधावर उभा राहून सगळा वेळ त्या गाडीकडे बघत होता. त्याच्या मनगटावर माझ्या दातांचे वण आहेत. तो माझ्याशी बोलला नाही. आप्पाची एक बाजू लुळी पडलीय, त्याला उचलून आणून कोपीत बसवलं होतं. पूजेला त्यानं सायलीला पुढं बसवलं.

छबुबाईनं वेगळ्या टोपलीत, वेगळ्या फडक्यात बांधलेले उंडे सोडले. सगळे चिरलेले होते, काही तर फुटून दोन झालेले. तिचे तळहात लाल दिसत होते. तिनं एक उंडा सायलीपुढं धरला, पण हातात दिला नाही.

“आदी मी खाते,” ती म्हणाली, “तू बघ.”

“तू खाऊन काय कळणार, तुला तर गहू चालतो,” सायली म्हणाली आणि तिच्या हातातून उंडा घेऊन खाऊ लागली.

आप्पा हसला, एकाच बाजूनं. अर्जुन अजून सडकेकडेच बघत होता. मी त्याच्यासाठी पान वाढलं आणि त्याला हाक मारली. तो आला नाही. पान तसंच वाढून ठेवलं, आणि आम्ही चौघं जेवलो.